वाचलो

नायकाच्या बरगडीत तीन लाथा बसल्या, डोकं भिंतीवर आपटलं, आणि तरीही तो उठून गोदामाच्या खिडकीतून उडी मारून पळाला. मी पलंगावर पालथी पडून वाचत होते, पाय हवेत, तोंडात शेंगदाणे. तेवढ्यात समासात पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ दिसली. अक्षर बारीक, रेखीव.

'एवढं झाल्यावर पळता येत नाही. जिना बसून बसून उतरावा लागतो.'

मी ताडकन उठून बसले. शेंगदाणा घशात अडकला.

"आई! आई गं! मला गुन्हेगार सापडला!"

"सापडला तर बसव त्याला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी दळण घेऊन येतो."

"येते! येते म्हण गं आई!"

"तू म्हण येते. मी आपला येतो." आणि डबा काखेला मारून आई गेलीसुद्धा.

आमच्या जयसिंगपुरात, म्हणजे सगळ्या कोल्हापूर भागातच, बायका अशा बोलतात. मी जातो, मी आलो, मी जेवलो. आई, आजी, मावशी, शेजारच्या सगळ्या काकू. आठवीपर्यंत मीही तशीच बोलायचे. वर्गात एकदा उभी राहिले आणि "सर, मी उशिरा आलो" म्हणाले, तर पुण्याहून बदलून आलेल्या दोन मुली बाकाखाली तोंड घालून हसल्या. मराठीचे कागवाडे सर हसले नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "शलाका मगदूम, आवाज चांगला आहे तुझा. भाषा तेवढी घासून घे. मग कुठंही उभी राहशील."

पुढं सहा महिने रोज पंधरा मिनिटं सरांनी मला घासलं. त्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आला आणि मी शेवटच्या बाकावरून उठून जगात आले. सर नसते तर मी तिथंच बसून राहिले असते. हे मला आजही खोटं म्हणता येत नाही, आणि तीच पंचाईत आहे.

आता मी बारावीत आहे. ही गोष्ट नववीतली.

त्या वर्षी शाळेनं आणि गावातल्या वाचनालयानं मिळून एक आव्हान काढलं होतं. एक वर्ष, एक विषय, बावन्न पुस्तकं. दर आठवड्याला एक पान टिपण लिहायचं आणि त्यावर मार्गदर्शक शिक्षकांची सही घ्यायची. बाकीच्या मुलींनी प्रवासवर्णनं घेतली, शास्त्रज्ञांची चरित्रं घेतली, एकीनं तर बागकाम घेतलं. मी फॉर्मवर ठसठशीत लिहिलं: 'गुन्हेगारी कादंबऱ्या. रक्त-मातीच्या. चहा पीत पीत खुनी शोधणाऱ्या नव्हेत.'

माझे मार्गदर्शक अर्थात कागवाडे सर. फॉर्म वाचून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"गटारात उतरायचंय का तुला?"

"पोहून बघते की, सर."

ते मोठ्यानं हसले आणि सही केली. "पोह. पण टिपणाची भाषा स्वच्छ हवी. मी असली पुस्तकं हातात धरत नाही. टिपणं तेवढी वाचीन."

ही पुस्तकं वाचनालयात नऊ नंबरच्या कपाटात होती, अगदी मागं, बायकांच्या बाकाशेजारी. किल्ली ग्रंथपाल हुपरेकाकांच्या जानव्याला; सोमवारी-गुरुवारी तेवढं हवा लागावी म्हणून कपाट उघडं ठेवायचे, एरवी मागितलं की उघडायचे. "ह्या कपाटातलं सभ्य माणसं काही नेत नाहीत," ते म्हणायचे, "म्हणून सगळं कसं जागच्या जागी असतं."

सुपाऱ्या, टोळ्या, वाळूचे ट्रक, कोठडीतली मारहाण. मी अशी सुटले की विचारू नका. आठवड्याला एक ठरलेलं, मी दीड वाचायची. आणि सातव्या पुस्तकात मला तो समासातला माणूस भेटला.

मग तो सगळीकडेच भेटायला लागला. एका पुस्तकात गुंडाच्या बायकोला मारण्याचा प्रसंग होता, तिथं समासात: 'शेजारी ऐकतात. रेडिओ मोठा करतात.' दुसरीकडं जखमेवर हळद लावतात तिथं: 'हळद नाही, बर्फ. हळदीचा डाग लोकांना दिसतो.' आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, एकच शब्द आणि तारीख. 'वाचलो. १४ जुलै.' 'वाचलो. २ सप्टेंबर.' एका जाडजूड कादंबरीच्या शेवटी तर तीन तारखा होत्या, एकाच महिन्यातल्या. वाचलो, वाचलो, वाचलो.

"एवढं जाड पुस्तक एका महिन्यात तीनदा कोण वाचतं, काका?" मी टेबलावर पुस्तक आपटून विचारलं.

हुपरेकाकांनी मान वर केली नाही. "ज्याला दुसरं काम नाही असा."

"हा पुरुष आहे. वाचलो लिहितो. आणि अडाणी आहे. कादंबरी वाचली पाहिजे ना? कादंबरी वाचलो कोण म्हणतं? आणि ह्याला मारामारीतलं सगळं माहीत आहे." मी आवाज खाली आणला. "काका, मला शिवाप्पांवर संशय आहे."

शिवाप्पा म्हणजे पुस्तकं शिवणारे म्हातारे बाइंडर. दर रविवारी कोपऱ्यात खळीचं भांडं घेऊन बसायचे. हुपरेकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"शिवाप्पाऽ! ही पोरगी म्हणते, तू पुस्तकांवर लिहितोस!"

"लिवलो असतो की," शिवाप्पा दाभण थांबवून म्हणाले. "पर अक्षर कुठं येतंय? मी आपलं नंबर बघून पानं लावतो."

माझं नाक असं कापलं गेलं. पण मी माघार घेणाऱ्यातली राहिले नव्हते ना आता!

त्या दिवसांत बायकांच्या बाकावर बहुतेक एकच बाई असायची. कागवाडेकाकू, सरांची बायको. सोमवारी आणि गुरुवारी यायच्या, मांडीवर कुठलं तरी मासिक उघडं, पदर खांद्यावरून नीट ओढलेला. घरी नेताना पाककृतींचं पुस्तक न्यायच्या. एकदा मी कपाटातून पुस्तक काढत होते तर म्हणाल्या, "काय वाचतीस गं?"

"गुन्हेगारी, काकू. खून, मारामाऱ्या!"

"मारामाऱ्या होय? खऱ्या वाटतात का त्या?"

"एकदम खऱ्या! अंगावर काटा येतो."

"काटा येतो होय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. खरंच हसल्या, मला त्यांचे दात आठवतात, पुढचा एक थोडा तुटलेला. मग घड्याळाकडं बघून घाईनं उठल्या. "चल, येतो गं."

मी मनात म्हटलं, सरांच्या घरात हे येतो-जातो कसं काय चालतं?

असं मी मनात म्हटलं, आणि पुस्तक घेऊन उड्या मारत घरी गेले.

जानेवारीत एकतिसाव्या टिपणात मी त्या अज्ञात वाचकाबद्दल लिहिलं. मधल्या सुट्टीत सर शिक्षकखोलीत लाल पेन घेऊन ते तपासत होते. एका ओळीवर पेन थांबलं.

"हे काय आहे?"

मी तयारच होते. पुस्तक सोबत आणलं होतं. शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि वक्तृत्वासारखी बोटं मोजत सांगितलं, "एक, हा पुरुष आहे. दोन, अशिक्षित आहे. तीन, मार कसा बसतो ते ह्याला आतून माहीत आहे. म्हणजे सर, हा स्वतः मारणारा आहे!"

सरांनी पहिल्यांदाच त्या कपाटातलं पुस्तक हातात घेतलं. पान चष्म्याजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, माझ्या तर्कावर खूश झाले.

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"हुपरेकाकांना. ते नुसते हसले."

"किती पुस्तकांत आहे असं?"

"तेवीस सापडलीत, सर."

"यादी कर. पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, पान, काय लिहिलंय ते, तारीख. काही गाळायचं नाही."

"पोलिसांना द्यायची?" माझे डोळे किती चमकले असतील, देव जाणे.

"आधी कर तर."

मी ती यादी दोन दिवस जागची न हलता केली. फुलस्केपचे चार कागद, समास आखून, सुवाच्य अक्षरात. सरांनी ती उभ्या उभ्या वाचली. एका शब्दात ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो लाल पेननं सुधारला. मग कागदांच्या चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि ड्रॉवरमधून एक नवाकोरा पांढरा रबर काढून माझ्या हातावर ठेवला.

"सार्वजनिक पुस्तक नासवणं हाही गुन्हाच, शलाका. एकही अक्षर शिल्लक राहता कामा नये. तुझ्यावर सोपवतो."

तुझ्यावर सोपवतो! मला तालुक्याच्या ढालीपेक्षा हे मोठं वाटलं.

दोन रविवार मी नऊ नंबरच्या कपाटासमोर मांडी घालून पुसत बसले. शेजारी शिवाप्पा शिवत होते. रबराचा चुरा फुंकत मी जोरजोरात घासत होते, तर ते म्हणाले, "हळू पोरी. जुनी पानं हाईत, फाटतील. ज्यानं लिवलंय त्यानं बी हळूच लिवलंय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मागल्या बाजूला उमटलं न्हाई बघ. पुरुष गडी दाबून लिवतो, उमटतं."

त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी पान उलटून बघितलं, खरंच काही उमटलं नव्हतं. मी म्हटलं, बरंच झालं की, म्हणजे पुसल्यावर काहीच दिसणार नाही. आणि पुसत राहिले. १४ जुलै पुसला. २ सप्टेंबर पुसला. तीन तारखांचं ते पान तर इतकं स्वच्छ केलं की हुपरेकाकांना नेऊन दाखवलं.

मी यादी दिली त्यानंतरच्या सोमवारी कागवाडेकाकू आल्या नाहीत. गुरुवारीही नाही. पुढचे दोन आठवडे बाक रिकामाच होता. वर्गात कुणीतरी सरांना विचारलं तेव्हा सर म्हणाले, "न्हाणीघरात घसरल्या." आम्ही सगळ्यांनी 'अरेरे' केलं.

मग फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्या आल्या. उजवा हात गळ्यात बांधलेला, आणि सोबत टोपी घातलेला एक गृहस्थ, चिकोडीचा त्यांचा भाऊ. मी टेबलाशी पुस्तक बदलायला उभी होते. काकूंनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि हुपरेकाकांना म्हणाल्या, "नऊ नंबरचं कपाट उघडता जरा?"

त्यांना क्रमांक पाठ होते. "तीनशे बारा काढ रे. शेवटचं पान बघ."

भावानं पुस्तक काढलं, उघडलं. "हितं काय बी न्हाई अक्का."

"खालच्या अंगाला बघ. बारीक असंल."

"न्हाई गं."

"बरं, तीनशे चाळीस घे."

तीनशे चाळीस. तीनशे सत्तेचाळीस. चारशे तीन. भाऊ एकेक पुस्तक काढत होता, शेवटचं पान उजेडाकडं धरत होता आणि बाकावर ठेवत होता. बाकावर ढीग झाला. काकू बसल्या नाहीत. डाव्या हातानं त्या स्वतःच पानं उलटायला लागल्या, तीन तारखांचं ते पुस्तक दोनदा उलटलं.

"पर तू लिवलंतीस तरी काय?" भाऊ वैतागून म्हणाला. "वकील तारखा मागतोय, तू म्हणतीस तारखा लायब्ररीत हाईत."

"काय लिहिणार? घरात वही ठेवली असती तर सापडली असती. ह्या कपाटाला त्यांनी कधी हात लावला नसता." काकूंनी पुस्तक मिटलं. "ज्या ज्या दिवशी वाचलो त्या दिवशी, वाचलो म्हणून लिहिलं. आणि तारीख."

वाचलो.

मी आईच्या तोंडून तो शब्द किती वेळा ऐकला होता. मोटारसायकल अंगावरून गेली तेव्हा: "वाचलो गं बाई!" कुकरचं झाकण उडालं तेव्हा. विहिरीच्या कठड्यावरून आजीचा पाय निसटला तेव्हा. जगातल्या कुठल्याही मुलीला कळला नसता तर चाललं असतं. मला कळायला हवा होता. मी त्याच भाषेत जन्मले होते.

"कुणी पुसलं हो?" काकूंनी विचारलं.

हुपरेकाका चष्मा पुसायला लागले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"मी होतो काकू," मी म्हणाले. जीभच तशी वळली. "मी पुसलं. मला वाटलं, कुणीतरी... मला नाही कळलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. मी भराभर बोलायला लागले, "पण काकू, मी यादी केली होती! सगळ्याची! पुस्तकाचा क्रमांक, पान, तुम्ही लिहिलेलं, तारीख, सगळं उतरवून घेतलंय. एकसुद्धा सोडलेलं नाही."

भावाचा चेहरा उजळला. "शाब्बास गं पोरी! कुठं हाय यादी?"

काकूंचाही चेहरा उजळला होता. एक क्षण. तो मी पाहिला, आणि मग मला उत्तर द्यावं लागलं.

"सरांना दिली."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भावानं टोपी काढली, परत घातली. काकू बाकावरच्या ढिगातली पुस्तकं डाव्या हातानं एकेक करून कपाटात लावायला लागल्या, क्रमानं, जशी होती तशी. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाल्या, "राहू दे."

शेवटचं पुस्तक लावून झाल्यावर म्हणाल्या, "हात मोडला त्या दिवशी संध्याकाळी आले तेच खिशावर हात ठेवून आले. चार कागद समोर ठेवले. म्हणाले, हे आधी वाच, मोठ्यानं वाच." आणि मग, "अक्षर चांगलं आहे तुझं. कौतुक करायचे ते."

दाराशी गेल्या आणि सवयीनं वळल्या.

"येतो गं."

आल्या नाहीत पुन्हा. चिकोडीला भावाकडं राहिल्या. केस उभीच राहिली नाही असं पुढं हुपरेकाकांकडून कळलं. मी आईला सगळं सांगितलं होतं. म्हटलं, मी वाचलंय सगळं, मला तारखा आठवतात, मी सांगायला जाते. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, पुन्हा सुरू झाले.

"दहावी आहे पुढल्या वर्षी. शाळा त्यांची, मार्क त्यांच्या हातात. आणि दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलायचं?" मग तव्याकडं बघत हळूच म्हणाली, "आवाज यायचा म्हणे. त्यांच्या गल्लीतल्या बायका सांगतात."

रेडिओ मोठा करतात, असं पान अठ्ठ्याऐंशीवर लिहिलं होतं. मीच पुसलं होतं. मी आईला काही म्हणाले नाही, आणि कुठं गेलेही नाही.

उरलेली पुस्तकं वाचली मी. आव्हान पूर्ण करणारी शाळेतली एकटीच होते. वर्ष पुरं झाल्यावर, जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हॉलमध्ये कार्यक्रम झाला. स्टेजवर प्रमाणपत्र द्यायला मार्गदर्शक शिक्षकच उभे होते. त्यांचा शर्ट इस्त्रीचा, खिशाला लाल पेन. मला दोन शब्द बोलायचे होते. रात्रंदिवस पाठ केलेलं भाषण होतं, त्यात सरांचे आभार दोनदा होते.

मी माइकसमोर उभी राहिले. समोर पाचशे मुलं, पहिल्या रांगेत आई, नवी साडी नेसून. मी भाषण सोडून दिलं. त्यांच्याकडं वळले, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाले, "सर, मी बावन्न पुस्तकं वाचलो."

मग मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं, आणि सगळा हॉल हसायला लागला. वक्तृत्वात पहिली आलेली मगदूम, आणि वाचलो!

सर हसले नाहीत. प्रमाणपत्राचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्यांच्या, आणि ते सोडत नव्हते. त्यांना कळलं होतं. त्या सगळ्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच कळलं होतं. माझ्या तोंडात पुढचं वाक्य होतं. एकच वाक्य, त्यात काकूंचं नाव होतं. आता बोलायचं, आता, असं मी मनात म्हणत होते.

सर माइककडं वाकले आणि अगदी मायेनं म्हणाले, "वाचली. पुस्तकं वाचली."

टाळ्या पडल्या. सगळे हसत होते, आईसुद्धा.

मीही हसले.